डीएनडीमध्ये (डंजन्स अँड ड्रॅगन्स हा रोल-प्लेइंग गेम) प्लेयरला स्वतःचा स्पेल (जादूचा मंत्र) बनवून द्यायचाय, बॅलन्स कसा ठेवू?

तुमच्या विझार्डने मागितलेला स्पेल वाचला: लेव्हल 1, बोनस ॲक्शन (मुख्य ॲक्शनशिवायची छोटी जादा कृती), समोरच्या एकाचा पुढचा टर्न जातो, सेव्ह नाही (फासा टाकून वाचायची संधी नाही), कॉन्सन्ट्रेशन नाही (ते लागणारा स्पेल एका वेळी एकच चालू ठेवता येतो). डॅमेज शून्य आहे मग देऊ का, असं तुम्ही विचारलंय. माझ्या मते असाच्या असा देऊ नका.

लेव्हल 3 च्या विझार्डकडे लेव्हल 1 च्या स्पेलचे 4 स्लॉट असतात, एका स्लॉटला एकदा स्पेल टाकता येतो, म्हणजे तुमचा एकटा बॉस 4 राउंड नुसता उभा, आणि बोनस ॲक्शन असल्यामुळे विझार्ड त्याच टर्नला वरून फायर बोल्ट हा स्लॉट न लागणारा हल्ल्याचा स्पेलही मारणार. होल्ड पर्सन हा समोरच्याला जागीच खिळवणारा स्पेल बघा, लेव्हल 2 चा असून पूर्ण ॲक्शन लागते, फक्त ह्युमनॉइडवर (माणसासारख्यांवर) चालतो, विज्डम सेव्ह आहे, तोही दर टर्नच्या शेवटी परत, आणि कॉन्सन्ट्रेशन. सुटायला इतक्या वाटा ठेवल्यात कारण टर्न हिरावणं ही या गेममधली सगळ्यात महाग गोष्ट आहे.

डॅमेजचं त्यामानाने सोपं असतं, 2014 च्या डंजन मास्टर्स गाइडमध्ये (गेम चालवणाऱ्यासाठीचं पुस्तक) टेबलच दिलंय, एका टार्गेटला लेव्हल 1 ला 2डी10 (म्हणजे 10 बाजूंचे 2 फासे), लेव्हल 2 ला 3डी10, लेव्हल 3 ला 5डी10, आणि अनेकांना लागणार असेल तर 2डी6, 4डी6, 6डी6. फायरबॉलवरून मात्र माप घेऊ नका, तो लेव्हल 3 ला अनेकांना 8डी6 मारतो, टेबलापेक्षा जास्त.

मी हे चूक करून शिकलो. माझ्या ग्रुपमधल्या ड्रुइडने (निसर्गाची जादू करणारं पात्र) जमिनीतून मुळं वर येऊन पकडतात असा लेव्हल 2 चा स्पेल आणला, 4डी6 डॅमेज आणि सेव्ह फेल झाल्यास रिस्ट्रेन्ड (जागीच अडकलेला). आकडा टेबलात बसतोय बघून मी लगेच हो म्हटलं, कॉन्सन्ट्रेशन नाहीये हे माझ्या लक्षातच आलं नाही. तिने आधी मूनबीम लावला (उजेडाचा झोत, यालाही कॉन्सन्ट्रेशन लागतं), पुढच्या टर्नला मुळं, आणि दोन ओगर (राक्षस) त्या उजेडात अडकून दर टर्नला 2डी10 खात बसले, बाकीच्या तिघांना करायला काही उरलंच नाही, एक जण तर मोबाइल काढून बसला. फार वाईट वाटलं मला. मग तिच्याशी बोलून डॅमेज 2डी6 वर आणला, कॉन्सन्ट्रेशन लावलं, ॲक्शन खर्चून स्ट्रेंग्थ चेकने सुटता येईल असं केलं. स्पेल अजून तिचा आवडता आहे.

तुमच्यासाठी टाशाज माइंड व्हिप हा स्पेल चांगला नमुना आहे. लेव्हल 2, इंटेलिजन्स सेव्ह, 3डी6, आणि फेल झालेल्याला रिॲक्शन (दुसऱ्याच्या टर्नलाही करता येणारी कृती) नाही, पुढच्या टर्नला मूव्ह, ॲक्शन, बोनस ॲक्शन यातलं एकच काहीतरी करता येतं. यातला डॅमेज पूर्ण काढा, टाकायला बोनस ॲक्शन नको, ॲक्शनच ठेवा, लेव्हल 1 ला बसेल. वेळ गोठवल्यासारखं वर्णन तुमच्या प्लेयरला करू द्या, त्याला बहुतेक तेच हवंय. आणि देतानाच सांगून ठेवा की 3 सेशन ट्रायल, नंतर दोघं बसून बदलू, म्हणजे नंतर काही कमी केलं तर त्याला हिसकावून घेतल्यासारखं वाटणार नाही.