गावचं तिकीट मिळत नाही, गोव्याचं मिळतं

गणपतीला गावी कसं जायचं, असं इथे एका ताईंनी विचारलंय. प्रश्न थोडक्यात असा आहे. माहेर नाशिकचं, संसार डोंबिवलीत, सासर देवगड तालुक्यात आणि लग्नानंतरचा हा पहिला गणपती. नवऱ्याने नवी गाडी घेतलीय, ती गावच्या खळ्यात उभी करून दाखवायचीय. सासूबाई म्हणतायत, "गाडीबिडी नको, रेल्वेने येवा." शेवटी ताईंनी विचारलंय, "तो मुंबई-गोवा हायवे झाला का एकदाचा?" बस्स, तिथून खाली कमेंटमध्ये गडकरी, राणे, ठाकरे अशी जुंपली ती अजून चालूच आहे, आणि ताई अजून डोंबिवलीतच आहेत.

मीही डोंबिवलीकर. गाव राजापूर तालुक्यात. गणपतीला जाण्याची तिसाहून जास्त वर्षं झाली. एसटीच्या मागच्या सीटवर, टेम्पोत, दिवा पॅसेंजरच्या दारात, स्वतःच्या गाडीत, सगळं करून झालंय.

माझं मत सासूबाईंच्या बाजूने. पण त्याआधी एक गोष्ट सांगतो, कारण ती कळली की बाकीचं आपोआप कळतं. रस्ता, रेल्वे, विमान, बोट, जे काही कोकणासाठी म्हणून जाहीर होतं त्याचं नाव 'मुंबई-गोवा' असतं. मुंबईत बसायचं, गोव्यात उतरायचं. आपण मधेच उतरणारी माणसं. आडवली, विलवडे, वैभववाडी, नांदगाव ही आपली स्टेशनं. आपण त्या हिशेबात कधी नव्हतोच.

वंदे भारत बघा. 27 जून 2023 ला सुरू झाली, गाडी उत्तम, मला आवडते. थांबे किती? दादर, ठाणे, पनवेल, खेड, रत्नागिरी, कणकवली आणि मग थेट गोवा. राजापुरात थांबत नाही, कुडाळलाही नाही. तेजस कुडाळला थांबते, तर कणकवलीला नाही. दुसरीकडे दादर-रत्नागिरी पॅसेंजर, जी आमच्यासारख्यांची खरी गाडी, ती कोविडनंतर दिव्याहून सुटायला लागली ती तिथेच राहिली. गिरगाव-परळचा म्हातारा माणूस पोतं, पेटी आणि नातवंडं घेऊन दिव्याला कसा पोचणार, हा विचार कुणी केला असेल असं वाटत नाही.

गेल्या वर्षीची कारवाली रो-रो आठवत असेल. कोकण रेल्वेने 23 ऑगस्ट 2025 पासून कोलाड ते वेर्णा अशी गाडी जाहीर केली. मोटार वॅगनवर चढवायची, आपण डब्यात बसायचं, एका मोटारीचे 7,875 रुपये. ताईंच्या नवऱ्याला हेच वाचून हुरूप आला असणार. पण कोलाडपर्यंत गाडी स्वतःच चालवत न्यायची. म्हणजे पळस्पे, पेण, वडखळ, नागोठणे हे सगळं भोगून झाल्यावर रेल्वे म्हणणार, आता आराम करा. आणि उतरायचं कुठे, तर वेर्ण्याला, गोव्यात! देवगडच्या माणसाने गोव्यात उतरून उलटं वर यायचं. मग ओरड झाली तेव्हा नांदगावला उतरायची सोय केली. सोळा तरी मोटारी जमल्या तर गाडी सोडू, अशी अट होती. प्रतिसाद थंड. त्यावर "कोकणी माणसाला काही चांगलं दिलं तरी नको असतं" असं कुणीतरी इथे लिहिलंय. अहो, हवं होतं, पण कोलाडला नाही, पनवेलला हवं होतं.

सिंधुदुर्गातल्या चिपी विमानतळाचं उद्‌घाटन 9 ऑक्टोबर 2021 चं. उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एका व्यासपीठावर. त्या दिवशी मी टीव्हीवर विमान किती वेळ पाहिलं आठवत नाही, पण कोण कुणाकडे बघत नाहीये ते मात्र आख्ख्या चाळीने डोळे लावून पाहिलं. तीन वर्षांत मुंबईची सेवा बंद पडली. तोवर पलीकडे गोव्यात मोपा विमानतळ सुरू झालं होतं. बोटीबद्दलही विचारलंय कुणीतरी. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याची रो-रो 2020 पासून आहे आणि अलिबागला जाणाऱ्यांचं तिने भलं केलं. मुंबईहून जयगड-विजयदुर्गच्या बोटीची घोषणा गेल्या वर्षी झाली. माझे वडील बोटीनेच विजयदुर्गला उतरायचे, त्यामुळे मला त्याचं फार कौतुक आहे. पण गणपतीच्या दिवसांत दर्या काय म्हणेल त्यावर नव्या सुनेचं नियोजन करू नये.

आता हायवे. पनवेल-इंदापूर टप्प्याचं काम 2011 ला सुरू झालं. त्या वर्षी जन्मलेलं पोर आज दहावीच्या उंबरठ्यावर आहे. 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री महाडचा सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला, एसटीच्या दोन गाड्या गेल्या. त्यानंतर नवा पूल वर्षभराच्या आत उभा राहिला. म्हणजे मनात आणलं तर होतं. मग बाकीचं का होत नाही, हा राग माझा तिथून सुरू होतो. 2023 च्या ऑगस्टमध्ये मनसेची पदयात्रा झाली, आमच्या डोंबिवलीचे रवींद्र चव्हाण तेव्हा बांधकाम मंत्री, ते रस्त्यावर फेऱ्यांवर फेऱ्या मारत होते, गणपतीआधी एक लेन देतो म्हणाले. त्याच वर्षी ऑक्टोबरात चिपळूणला बहादूरशेख नाक्याचा उड्डाणपूल बांधता बांधता कोसळला. एप्रिल 2025 मध्ये दादरच्या व्याख्यानात गडकरींनी जूनपर्यंत रस्ता पूर्ण करतो असा शब्द दिला. जून आला, पाऊस आला, गणपती आले.

त्याच व्याख्यानात गडकरी म्हणाले होते की भावाभावांचे वाद, कोर्टकज्जे, मोबदल्याचा घोळ यांनी रस्ता रखडला. इथे त्यांना शिव्या पडल्या. मी मात्र अर्धं मान्य करतो. आमच्या घराच्या सातबाऱ्यावर बत्तीस नावं आहेत. त्यातली सात माणसं वारली, दोन मुली लग्नानंतर कुठे गेल्या ते कुणाला सांगता येत नाही, आणि एक काका गेली पंचवीस वर्षं फक्त सही मागायला गेलं की आजारी पडतात. पडवीची कौलं बदलायला आमचं एकमत व्हायला तीन गणपती गेले. रस्त्यात जमीन गेलेल्यांचं काय झालं असेल! पण उरलेलं अर्धं म्हणजे ठेकेदार काम टाकून जातो, नवा येतो, तोही जातो, याला सातबारा जबाबदार नाही. आणि पक्षाचं म्हणाल तर 2011 पासून दिल्लीत आणि मुंबईत आळीपाळीने सगळे बसून झाले. इथे भांडणाऱ्या दोन्ही बाजूंना माझं एवढंच म्हणणं, तुमचे साहेब एकदा हरतालिकेच्या दिवशी माणगावातून स्वतःच्या गाडीने, पोलिसांच्या गाडीशिवाय जाऊन दाखवू देत.

माणगावचं सांगतो. काही वर्षांपूर्वी आम्ही ती चूक केली. हरतालिकेला सकाळी सहाला डोंबिवली सोडली, रात्री नऊला माणगावच्या अलीकडे. गाडी बंद करून लोक रस्त्यावर उतरलेले. पुढच्या टेम्पोत कणकवलीकडचं एक भजनी मंडळ होतं, पखवाज वगैरे सगळं बरोबर. कंटाळून बुवांनी गजर धरला. दोन गाड्या मागे आणखी एक मंडळ होतं, त्यांच्या बुवांना ते सहन होईना. त्यांनी पेटी बॉनेटवर ठेवली आणि उत्तर दिलं. ट्रॅफिकमध्ये डबलबारी! हवालदारसुद्धा टाळ्या देत उभा. तास-दीड तास आम्ही खूश होतो. पण आम्ही गावात शिरलो ते चतुर्थीला सकाळी दहाला. तोवर चुलतभावाने चित्रशाळेतून मूर्ती डोक्यावर घेऊन घर गाठलं होतं, गणपतीवर टांगायच्या माटवीला रानातली कांगल्या-हरणं बांधून झाली होती, भटजी येऊन गेले होते. आई काही बोलली नाही. फक्त ताट वाढताना मोदक एकच वाढला.

सगळा रस्ता वाईट आहे असं मात्र नाही, हे नवऱ्याला सांगा, नाहीतर तो म्हणेल काका उगाच घाबरवतात. कशेडीचा बोगदा झाल्यापासून त्या घाटाचा त्रास संपल्यात जमा. सिंधुदुर्गातला पट्टा, खारेपाटणपासून पुढे, कधीच झालाय आणि मस्त आहे. म्हणूनच मालिकांमधल्या कलाकारांची 'गावाक चललंय' वाली रीळं तिथे काढलेली असतात. दुतर्फा हिरवं, वर ढग, मागे गाणं. कोलाड ते माणगाव कुणी रीळ काढत नाही. त्यांच्यावर इथे इतकं तोंडसुख घेताय, पण मला त्यांचं काही वाटत नाही. तेही शूटिंगमधून चार दिवस काढून येतात, मखर स्वतः करतात. फक्त त्या व्हिडिओवरून रस्त्याचा अंदाज बांधू नका.

गाडीनेच जायचं ठरलं तर चतुर्थीच्या आधी तीन दिवस निघा, किंवा सरळ चतुर्थीच्या दुपारी, जेव्हा सगळे पोचलेले असतात. आदल्या दोन दिवसांत नाही म्हणजे नाही. खोपोली-पाली-निजामपूरवरून माणगावला उतरता येतं, पण ती वाट आता सगळ्यांना माहीत झालीय. दुसरा मार्ग पुणे-कोल्हापूरवरून राधानगरी, मग दाजीपूर आणि फोंडा घाट उतरून नांदगाव तिठा. लांब पडतो, सातारा-कागल पट्ट्यात सहापदरीकरणाचे वळसे आहेत, पण देवगडला जाणाऱ्याला सोयीचा. फोंडा घाटात धुकं असतं, दिवसा उजेडी उतरा. गेल्या वर्षी गणपतीत टोलमाफीचा पास दिला होता, तसा यंदा मिळाला तर आधीच काढून ठेवा.

पक्षांच्या फुकट बसबद्दल विचारताय त्यांना: बिनधास्त बसा. बॅनर बसपेक्षा मोठा असतो आणि निघण्याआधी भाषण ऐकावं लागतं, पण मत कुणाला द्यायचं ते बूथमध्ये कुणी बघत नाही. नव्या सुनेने मात्र त्यात बसू नये, गाडी कुठल्या तिठ्यावर उतरवेल सांगता येत नाही.

तर रेल्वे. इथे परत तेच. नांदगाव किंवा वैभववाडीपर्यंतचं तिकीट काढायला जाल तर काही मिनिटांत वेटिंग, कारण मधल्या स्टेशनांचा कोटा तुटपुंजा. त्याच गाडीचं शेवटच्या स्टेशनापर्यंतचं तिकीट कधी कधी मिळतं. आमच्याकडे जुने लोक सरळ मडगावचं किंवा सावंतवाडीचं काढतात आणि आपल्या स्टेशनवर उतरतात. पैसे थोडे जास्त जातात. गेल्या वर्षी सरकारकडून सूचना आली की आम्हाला 'चाकरमानी' म्हणायचं नाही, 'कोकणवासीय' म्हणायचं. म्हणा बापडे. मला चाकरमानी शब्दाचा कधी कमीपणा वाटला नाही. गावाला जायला गोव्याचं तिकीट काढावं लागतं त्याचा वाटतो.

ताई, तुमच्यासाठी तुतारी एक्स्प्रेस. दादर-सावंतवाडी, नांदगाव रोडला थांबते, सासर तिथून रिक्षाने नाहीतर दीर न्यायला येईल. तिच्यात एक खोच आहे, दरवर्षी कुणीतरी फसतं. ती दादरहून रात्री 12 वाजून 5 मिनिटांनी सुटते, ठाण्याला साडेबाराच्या पुढे. म्हणजे तारीख बदललेली असते. आमच्या शेजारणीने शुक्रवारी रात्री जायचं म्हणून शुक्रवारचं तिकीट काढलं, ती बॅगा घेऊन स्टेशनवर गेली तेव्हा तिची गाडी जाऊन चोवीस तास झाले होते.

यंदा चतुर्थी 14 सप्टेंबरला, सोमवारी. तुम्ही 11 तारखेला शुक्रवारी रात्री जेवून डोंबिवलीहून ठाण्याला जा, तिकिटावर तारीख 12 हवी. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, म्हणजे 14 जुलै, सकाळी 8. खातं आधारशी आत्ताच जोडून ठेवा, त्या दिवशी करायला बसलात तर संपलं. नवऱ्याच्या मोबाइलवर एक आणि तुमच्या मोबाइलवर एक, दोघांनी एकाच वेळी बसा, एकाने नांदगाव टाका, दुसऱ्याने सावंतवाडी. नाहीच मिळालं तर दिवा-सावंतवाडी आहे, पण त्यासाठी पहाटे तीनला दिव्यात असायला हवं आणि ते पहिल्या वर्षी कशाला.

आणि नव्या गाडीचं म्हणाल तर दिवाळीला घेऊन जा. तेव्हा पाऊस नसतो, रस्ता मोकळा असतो, आणि खळंही चोपून सारवलेलं असतं, फोटो चांगला येईल.