समुद्राआधी नाथसागर

पैठण

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. समुद्री गवताचा अभ्यास करायला मन्नारला जायचंय म्हणतोस. "प्यायला पाणी नाही अन् हा समुद्रातलं गवत उपटायला निघाला," असं घरचे म्हणतात, ते वाचून हसू आलं. मनावर घेऊ नकोस. पण तमिळनाडूकडच्या मन्नारच्या आखाताचं तिकीट काढण्याआधी महिनाभर नाथसागराच्या, म्हणजे आपल्या जायकवाडी धरणाच्या, काठी बस.

का, ते सांगतो. जायकवाडीच्या उथळ पाण्यात व्हॅलिसनेरिया आहे, फितीसारख्या लांब पानांची पाणवनस्पती. आपण तिला शेवाळ म्हणून मोकळे होतो. तिचं मादीफूल लांब देठावरून पाण्याच्या वर डोकावतं. नरफुलं तळाशीच तुटतात, तरंगत वर येतात आणि त्याला जाऊन भिडतात. मग देठ स्प्रिंगसारखा आकसतो नि फळाला खाली ओढून घेतो. मन्नारमधलं एन्हॅलस हे समुद्री गवतही जवळपास असाच संसार करतं. दोघं एकाच कुळातली. नावात गवत असलं तरी ज्वारी-बाजरीच्या गवतकुळाशी मात्र त्यांचं जवळचं नातं नाही.

तिथेच कारा सापडेल. दिसतं झाडासारखं, पण ते शैवाल. एम.एस्सी.ला असताना मी ते फुलझाड म्हणून दाबून, चिकटवून सरांपुढे ठेवलं होतं! फूल, मूळ, पानातल्या शिरा बघितल्याशिवाय नाव लिहू नकोस.

समुद्री गवत बांधावरच्या हरळीसारखं मातीतल्या खोडांनी पसरतं, वाळू धरून ठेवतं. हरळीचा चिवटपणा मात्र त्याच्यात नाही. पाणी गढूळलं की तळाशी ऊन पोचत नाही. खतं वाहून आली की पानांवर शेवाळ चढतं, तेही ऊनच अडवतं. मन्नारशेजारच्या पाल्कच्या उपसागरात समुद्रगायी (ड्युगाँग, समुद्रातले सस्तन प्राणी) याच कुरणांवर जगतात. २०२२ मध्ये तमिळनाडूने तिथलं ४४८ चौ. किमी क्षेत्र त्यांच्यासाठी राखलं. (आपल्याकडे गायरानावरून डोकी फुटतात, तिथे समुद्रात गायरान!)

ठिबकच्या दुकानातून पाइप आण, ५० सेमी बाजूचा चौकोन कर. पाइपला भोकं पाड, नाहीतर तरंगत बसेल. चौकोन तळाशी ठेवून आत किती टक्के हिरवं, कोणती जात, पाणी किती खोल, तळ गाळाचा की वाळूचा, हे लिही. समुद्रातही हेच करायचंय. नाथसागर पक्षी अभयारण्य आहे, तेव्हा वनखात्याची परवानगी आधी. गाळ फसवा असतो, एकटा उतरू नकोस.

आणि पोहता येतं का, ते लिहिलंच नाहीस. विहिरीत शिकलेलंही चालेल.

तुझा,
सर