डाव्याला दिलेलं काम परत घेऊ नकोस

लेकरा,

तुझं पत्र मिळालं. अक्षर तुझ्या बहिणीचं आहे, हे पहिल्याच ओळीत कळलं. तीन पानं तिच्याकडून लिहून घेतलीस आणि विचारलंस एवढंच: उजवा हात परत येईपर्यंत थांबू, का डाव्याला कामाला लावू?

नस जोडली तरी दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते. तुझी जखम कोपराच्या वर आहे. टेप घे आणि तिथून पंजापर्यंत मोज. 40 सेंटिमीटर भरलं, तर 400 दिवस होतात. तेवढे दिवस तुझ्या शर्टाची बटणं माय लावणार का? तू बावीस वर्षांचा आहेस.

मी तुला एकच गोष्ट सांगणार आहे आणि पत्र संपेपर्यंत तीच सांगत राहणार आहे. डाव्या हाताला एकदा दिलेलं काम परत घ्यायचं नाही. घाई असली तरी नाही, पाहुणे बसलेले असले तरी नाही.

हे मला उशिरा कळलं. 1986 साली छापखान्यात माझा उजवा पंजा ट्रेडलमध्ये, म्हणजे छपाईच्या यंत्रात, सापडला. दोन बोटं गेली, अंगठा आखडला. मी कंपोझिटर, म्हणजे छापायचा मजकूर एकेक अक्षर जुळवून लावणारा. डाव्या हातात स्टिक, म्हणजे ओळ जुळवायची पट्टी, आणि उजव्यानं केसमधून, म्हणजे कप्प्यांच्या पेटीतून, अक्षरांचे खिळे उचलायचे, हीच सवय. आता सगळं उलटं करायचं होतं. स्टिक उरलेल्या उजव्या पंजात धरायची आणि खिळे डाव्यानं वेचायचे. सकाळी मी डाव्यानं सुरू करायचो. दुपारी लग्नपत्रिकेची घाई आली, की उजव्याच्या राहिलेल्या दोन बोटांनी खिळे ओढायला लागायचो. वाटायचं, आजचा दिवस जाऊ दे, उद्यापासून डाव्यानं. असं दीड वर्ष चाललं. डावा हात रोज नव्यानं शिकायचा आणि रोज दुपारी मी त्याला कामावरून काढायचो. ज्या महिन्यात काढणं बंद केलं, त्या महिन्यात तो शिकला. दीड वर्ष गेलं ते हातामुळं नाही, माझ्यामुळं.

म्हणून कामं थोडी दे, पण कायमची दे. ब्रश, कुलूप, तांब्या. आठवडाभर एवढंच. मग बटणं. मग लिहिणं, रोज पंधरा मिनिटं, जास्त नाही. थकलेला हात चुकीची वळणं पाठ करतो. कागदाचा वरचा डावा कोपरा उचलून घे आणि पंजा ओळीच्या खाली ठेव, नाहीतर शाई पुसत जाईल. शिरोरेघ डावीकडून उजवीकडं ढकलत बसू नकोस. उजवीकडून डावीकडं ओढ, सरळ येते. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, चार वह्या खराब करून सापडलं. कात्री मात्र नेहमीची वापरू नकोस. ती डाव्या हातात धरली की पाती एकमेकींपासून लांब जातात आणि कागद कापायच्या ऐवजी दुमडतो. डाव्या हाताची कात्री वेगळी मिळते, ती मागव.

परीक्षेला लेखनिक घेऊ का, असं विचारलंयस. घे, तो तुझा हक्क आहे. तीन तासांचा पेपर डाव्याला अजून दिलेलाच नाही, त्यामुळं परत घेण्याचा प्रश्नच येत नाही.

आता जेवणाचं. पंगतीत डाव्या हातानं जेवलो तर लोक काय म्हणतील, हे तू शेवटच्या पानावर, खाली, बारीक अक्षरात लिहवलंस. मला वाटतं, सगळं पत्र त्यासाठीच होतं.

1988 मध्ये माझे वडील गेले. शेवटच्या दिवशी दुपारी त्यांनी पाणी मागितलं. मी शेजारी होतो. उजव्यात चमचा ठरत नव्हता, डाव्यानं धरला. तेवढ्यात चुलती म्हणाली, "बापाला डाव्या हातानं पाणी पाजायलास का?" मी चमचा खाली ठेवला. धाकट्या भावाला हाक मारली. तो परसात होता. तो येईपर्यंत वडील माझ्या हाताकडं बघत होते. पाणी भावानंच पाजलं. चुलतीवर माझा राग नाही, तिला तेच शिकवलं होतं. पण चमचा मी खाली ठेवला. हात येत असताना ठेवला.

त्या दिवसानंतर मी कुणाच्याही घरी, कुठल्याही पंगतीत डाव्या हातानंच जेवलो. बायको म्हणायची, आता उजव्यानं घास जातो की, चारचौघांत तरी उजव्यानं जेवा. नाही जेवलो. दोन सोयरिकींत बोलाचाली झाली, एका घरी परत बोलावणं आलं नाही. हट्ट जास्त झाला, असं तुला वाटेल. वाटू दे. मी सोडला असता, तर आज तुला हे लिहायचा अधिकार मला उरला नसता. तो हात धुवायला साबण आहे, लेकरा, याहून जास्त उत्तर कुणाला द्यायचं नाही.

गांधीजींनी 1909 साली इंग्लंडहून आफ्रिकेला जाताना बोटीवर 'हिंद स्वराज' लिहिलं. उजवा हात दमला की ते डाव्यानं लिहायचे. 275 पानांतली 40 पानं डाव्या हाताची आहेत. त्यांच्यासमोर कोणती अडचण होती? हात दमला, एवढीच. तरी काम थांबवलं नाही.

उजवा आळशी होईल, ही तुझी भीती मात्र खरी आहे, ती मी उडवून लावत नाही. डाव्यानं उजव्याचं एकेक बोट रोज उघडमीट करत जा, दिवसातून तीन-चारदा, फिजिओथेरपीत दाखवलंय तसंच. सांधे आखडले, तर उद्या नस आली तरी बोट उघडणार नाही. माझा अंगठा असाच गेला. आणि उजवा परत आला, की त्याला नवी कामं दे. बटणं डाव्याचीच राहतील.

फिजिओथेरपीला गुरुवारी परभणीला येतोस ना? तिथून सरळ घरी ये, जेवायलाच. ज्वारीची भाकरी आणि हरभऱ्याची भाजी करायला सांगितली आहे. एका हातानं भाकरी मोडताना ताट सरकतं, म्हणून ताटाखाली ओलं फडकं ठेवतो. चमचा मागू नकोस.

तुझा,
काका