वाचकांचे प्रश्न: खारी हवा आणि स्पोकची चाकं

प्रश्न: दादा, मी गुहागरचा, कामासाठी दाभोळ-धोपावे फेरीबोटीने दापोलीला जावं लागतं. गाडी ३५० सीसीची, स्पोकवाली. पावसाळ्यानंतर मागच्या चाकाचे दोन स्पोक तुटले, ते मेकॅनिकने बदलून दिले, तर आता बाजूचाच तिसरा गेला. रिंगवर गंजाचे ठिपके पण आलेत. मित्र म्हणतात अलॉयची, म्हणजे बिनस्पोकची ओतीव चाकं टाक. काय करू?

उत्तर: भाऊ, अलॉयचं नंतर बघू, आधी तिसरा स्पोक कुठे तुटला ते बघा. हबजवळ, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाजवळ, जिथे त्याला वाक असतो तिथे तुटला असेल तर बहुतेक करून तो ढिलेपणाने तुटलाय. स्पोक ताणावरच काम करतो, फिरता फिरता खाली आला की ताण जरा उतरतो, वर गेला की परत चढतो, आणि हे प्रत्येक फेऱ्याला चालू असतं. सगळे नीट ताणलेले असले तर काही होत नाही, पण एक ढिला पडला की तो सारखा सुटतो आणि ताणला जातो, वाकावर पोलाद थकतं आणि त्याचा भार शेजारच्यांवर जातो. म्हणजे तुटलेले दोन बदलले पण बाकीचे कोणी तपासलेच नाहीत, तर तिसरा जाणारच होता. आता तीन गेलेत, तर त्या चाकाचे सगळे स्पोक निपलसकट (रिंगकडच्या टोकाचं छोटं नट, जे फिरवून स्पोक ताणतात) नवीन टाका, मिळाले तर स्टेनलेसचे घ्या. एकेक बदलत बसू नका, मागचं चाक आहे, घाटात उतारावर असताना दगा दिला तर जिवावर बेतेल.

नवीन टाकल्यावर महिन्यातून एकदा गाडी मेन स्टँडवर घेऊन स्क्रूड्रायव्हरच्या दांडीने प्रत्येक स्पोकला टिचकी मारा. ताणलेला 'टिंग' वाजतो, ढिला 'थप' करतो, दोनदा ऐकलं की कानाला आपोआप कळतं. ढिला सापडला तर निपल पाव फेराच फिरवा आणि परत ऐका. एकच स्पोक खच्चून पिळला तर रिंग त्या बाजूला ओढली जाते आणि चाकाला आउट येतो, म्हणजे ते फिरताना डुलतं. आउट बघायला स्विंगआर्मला (मागचं चाक धरणाऱ्या दांड्याला) पेन्सिल बांधा, टोक रिंगच्या अगदी जवळ आणा, चाक हळू फिरवा आणि फट कुठे कमी-जास्त होते ते बघा. डाव्या-उजव्या बाजूला किंवा वर-खाली २ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर चाक आउट काढणाऱ्या चांगल्या माणसाकडेच द्या. निपल जाम असेल तर जोर करू नका, कोपरे झिजून गोल होतात, गंज सोडवणारं तेल टाकून रात्रभर ठेवा.

आता गंजाचं. फेरीबोटीवर उडालेलं पाणी वाळलं तरी मीठ तिथेच राहतं आणि हवेतली ओल ओढत राहतं, म्हणून बोटीने आलात की त्याच दिवशी गोड्या पाण्याने धुवा. मे महिन्यात किनाऱ्यालगतच्या बऱ्याच विहिरी मचूळ होतात, तेव्हा पाणी आधी चाखून बघा. प्रेशरची गन हबवर मारू नका, बेअरिंगमध्ये पाणी जातं. वाळल्यावर फडक्याला जरासं तेल लावून स्पोक पुसा, पण ब्रेकच्या डिस्कला किंवा ड्रममध्ये थेंबही जाता कामा नये.

खरा गंज मात्र रिंगच्या आत असतो, कारण निपलच्या आणि व्हॉल्व्हच्या भोकांतून पाणी आत जातं. गणपती झाले, पाऊस ओसरला की टायर उतरवून रिमपट्टी (ट्यूब आणि निपलच्या मधली पट्टी) काढून बघा. पापुद्रे असतील तर घासून काढा, प्रायमर मारा, पट्टी नवीन टाका. निपलच्या वर आलेलं स्पोकचं टोकही कानशीने घासून घ्या, नाहीतर ट्यूब पंक्चर होईल.

अलॉयचं म्हणाल तर ट्यूबलेसचा फायदा नक्की आहे, पण खड्ड्यात आपटून अलॉयला तडा गेला की चाकच बदलावं लागतं. आपल्याकडच्या रस्त्यांवर मी तरी स्पोकच ठेवीन.

प्रश्न: मालवणहून एक ताई विचारतात, स्पोकच्या रिंगला आतून सीलंट (भोकं बुजवणारा लेप) लावून ट्यूबलेस करून देतात, करून घेऊ का?

उत्तर: नको ताई. ट्यूबच्या रिंगला बहुतेक वेळा टायरची कड धरून ठेवणारा उंचवटा नसतो, त्यामुळे हवा गेली की टायर जागेवरून सरकू शकतो. काही नव्या गाड्यांना कंपनीतूनच ट्यूबलेस स्पोकची चाकं येतात, त्यात बऱ्याचदा स्पोक रिंगच्या कडेला बसवलेले असतात, ती गोष्ट वेगळी. तुमच्या गाडीला ट्यूबच राहू द्या, डिकीत एक जास्तीची ट्यूब आणि दोन टायर लिव्हर ठेवा.