घोड्यांच्या पैदाशीला अनुदान: कशासाठी मिळते, कशासाठी नाही

दौंड आणि बारामती तालुक्यांतील काही शेतकऱ्यांनी विचारले आहे की, शर्यतीचे घोडे गावातच तयार करण्यासाठी आणि यात्रेत घोड्यांच्या शर्यती भरवण्यासाठी शासनाकडून पैसे मिळतात काय. एका मेंढपाळ कुटुंबाने आपल्या दोन भीमथडी घोड्या दाखवून, त्यांची पैदास पुढे चालवण्यासाठी काही मदत होईल काय, असाही प्रश्न केला आहे. या सर्वांना एकत्र उत्तर देत आहे, कारण पैदाशीसाठी अनुदान आहे आणि शर्यतीसाठी ते नाही, हा फरक आधी लक्षात न घेतल्यामुळेच अनेकांचे प्रस्ताव चुकीच्या दिशेने तयार होत आहेत.

केंद्र शासनाच्या राष्ट्रीय पशुधन अभियानात 21 फेब्रुवारी 2024 रोजी मंत्रिमंडळाने मंजूर केलेल्या बदलानुसार घोडा, गाढव, खेचर आणि उंट यांच्या पालनाचा व्यवसाय उभारणाऱ्यास भांडवली खर्चाच्या 50 टक्के, कमाल 50 लाख रुपये अनुदान मिळू शकते. वैयक्तिक शेतकरी, शेतकरी उत्पादक कंपनी, बचत गट आणि संयुक्त दायित्व गट (कर्जाची जबाबदारी एकत्र घेणारा गट) यांना अर्ज करता येतो. उरलेली रक्कम बँकेच्या कर्जातून किंवा स्वतःच्या भांडवलातून उभी करावी लागते. अनुदान दोन हप्त्यांत येते. जमीन खरेदी आणि जमिनीचे भाडे यांसाठी ते वापरता येत नाही, म्हणून प्रकल्प अहवालात हे खर्च अनुदानपात्र म्हणून दाखवू नयेत. याच निर्णयात घोडा, गाढव आणि उंट यांच्या वीर्यकेंद्रासाठी व पैदास केंद्रासाठी केंद्राकडून 10 कोटी रुपये देण्याची तरतूद आहे. ही मदत आता आली याचे कारण पशुगणनेत दिसते: 2012 मध्ये देशात सुमारे सव्वासहा लाख घोडे-तट्टे होती, ती 2019 मध्ये साडेतीन लाखांच्याही खाली आली.

महालक्ष्मी किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर पळणारा थरोब्रेड घोडा ही मात्र वेगळी गोष्ट आहे. त्याच्या आई-वडिलांची नोंद भारतीय स्टड बुकात, म्हणजे शर्यतीच्या घोड्यांच्या वंशावळीच्या नोंदवहीत, असावी लागते, आणि त्या नोंदीसाठी नैसर्गिक समागमच ग्राह्य धरला जातो. कृत्रिम रेतनाने झालेले शिंगरू कितीही वेगवान निघाले तरी त्याला तेथे प्रवेश नाही. म्हणजे शासनाने वीर्यकेंद्र उभारले तरी त्याचा रेसकोर्सच्या घोड्याला उपयोग होणार नाही. शिवाय घोड्यांच्या शर्यतींवरील बेटिंगला 2017 पासून 28 टक्के आणि 22 सप्टेंबर 2025 पासून 40 टक्के जीएसटी लागू आहे. शासन या खेळाकडे कर देणारा व्यवहार म्हणून पाहते. तेव्हा चार-पाच एकरांच्या शेतकऱ्याने रेसकोर्सच्या घोड्याच्या भरवशावर कर्ज काढू नये, असे मी स्पष्टपणे सांगतो.

भीमथडी घोड्याविषयी मात्र मनापासून सांगावेसे वाटते. भीमा-नीरेच्या खोऱ्यातील हा काटक घोडा मराठ्यांच्या घोडदळाचा आधार होता. आज तो मुख्यतः धनगर बांधवांच्या तांड्याबरोबर संसार पाठीवर घेऊन चालतो. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने त्याला देशातील आठवी अश्वजात म्हणून मान्यता दिली आहे. ज्यांच्याकडे शुद्ध घोड्या आहेत त्यांनी बाजारातून उंच दिसणारा कोणताही घोडा आणून त्या लावू नयेत. एका पिढीत मिसळलेले रक्त पुढे वेगळे काढता येत नाही.

घोडी प्रामुख्याने दिवस मोठा होऊ लागला की माजावर येते, माज पाच ते सात दिवस टिकतो आणि साधारण एकवीस दिवसांनी पुन्हा येतो. गाभणकाळ अकरा महिन्यांचा असतो. घोडी व्याल्यावर तीन तासांत वार (गर्भाचे आवरण) पडली नाही तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना बोलवावे. गाय-म्हशीत वार थोडी उशिरा पडली तरी निभावते, घोडीत तसे नाही. शिंगराला पहिल्या सहा तासांत चीक मिळालाच पाहिजे आणि नाळेला टिंक्चर आयोडीन लावले पाहिजे. कडब्याची पेंढी देण्यापूर्वी मधोमध उकलून हाताने दाबावी, ती कोंदट लागली किंवा धूळ उडाली तर घोड्यापुढे टाकू नये, कारण घोड्याला उलटी होत नाही आणि पोटशूळ उठला की काही तासांत जनावर हातचे जाते.

अलीकडे एका गोठ्यावर दोन वर्षांची शिंगी (तरुण घोडी) तपासली. पुढच्या पायाच्या नळीवरून हात फिरवला तेव्हा कातडी गरम लागली, आणि त्या जागी अंगठा टेकताच तिने पाय झटकला. यात्रेसाठी तिला खडकाळ माळावर रोज पळवले जात होते. घोड्याच्या गुडघ्यावरील हाडाची वाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून गावच्या घोड्याला तीन वर्षे पूर्ण होण्याआधी पूर्ण वेगाने पळवू नये.

यात्रा समित्यांसाठी एवढेच सांगतो की, 18 मे 2023 रोजी सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवलेला, प्राण्यांवरील क्रूरता रोखणाऱ्या कायद्यात बदल करणारा राज्याचा दुरुस्ती कायदा बैलांच्या शर्यतींविषयी आहे. त्याच्या आधारे घोड्यांची शर्यत जाहीर करू नये.

सारंगखेडा किंवा अकलूजच्या बाजारातून घोडे आणणाऱ्यांनी ग्लँडर्सच्या रक्ततपासणीचा दाखला मागूनच सौदा करावा. हा रोग माणसालाही होतो आणि बाधित जनावर कायद्याने नष्ट करावे लागते. ज्यांना अनुदानासाठी अर्ज करायचा आहे त्यांनी सातबारा, बँकेचे संमतिपत्र आणि आपल्या घोड्यांची छायाचित्रे घेऊन जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात यावे. उद्यमी मित्र पोर्टलवर अर्ज भरण्यापूर्वी आपण प्रकल्प अहवाल एकत्र बसून तपासू.