पावती आहे, पण पाच महिने गप्प का बसलात?

न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका वाचकाने जून 2023 मध्ये त्याच राज्यातल्या एका डीलरकडून मार्व्हलच्या 'द इन्क्रेडिबल हल्क' या कॉमिकचा 181 क्रमांकाचा अंक घेतला. पावतीवर 'कम्प्लीट', म्हणजे काहीही न कापलेला, असं लिहून दिलेलं. ग्रेडिंगला, म्हणजे अंकाची अवस्था तपासून दर्जा ठरवायला, पाठवल्यावर कळलं, वाचकांच्या पत्रांच्या पानावर छापलेला मार्व्हल व्हॅल्यू स्टॅम्प हा शिक्का कोणीतरी कात्रीने कापून घेतलाय. पैसे परत मिळतील का, असं ते विचारतात.

शिक्का नसला की अंकाची किंमत कोसळते, हे तुम्हाला मी सांगायला नको. 1974 मध्ये 25 सेंटला अंक घेणाऱ्या पोरांनी ते शिक्के कापून वहीत चिकटवले, त्यात तुमच्या अंकातला शॅना या पात्राचा 54 नंबरचा शिक्काही गेला. 181 हा वूल्व्हरिनचा पहिला अंक की तो आधी 180 च्या शेवटच्या पानावर दिसतो म्हणून 180, हा संग्राहकांचा वाद मात्र कोर्टात नेऊ नका.

पावतीवरचा तो एक शब्द म्हणजे लेखी हमी. तिथे तुमची बाजू भक्कम आहे. घात झालाय तो तुमच्या पत्राच्या शेवटच्या ओळीत: 'निकाल येऊन पाच महिने झाले, डीलरला अजून काही बोललो नाही.' अहो, तेवढंच तर करायचं होतं! न्यू जर्सीनेही स्वीकारलेल्या युनिफॉर्म कमर्शियल कोडचं, म्हणजे खरेदी-विक्रीच्या कायद्याचं, कलम 2-607 सांगतं की दोष कळल्यापासून, किंवा कळायला हवा होता तेव्हापासून, वाजवी मुदतीत विक्रेत्याला कळवलं नाही तर कुठलीच दाद मागता येत नाही. 'कळायला हवा होता' हे शब्द पुन्हा वाचा. समोरचा वकील विचारणार, मायलरच्या पारदर्शक प्लास्टिक पिशवीतून अंक काढून पानं उलटायला किती वेळ लागतो? जुना अंक संग्राहक उगाच हाताळत नाहीत, हे आपलं उत्तर. ते न्यायाधीशाला पटेलच असं नाही. 'वाजवी' म्हणजे किती दिवस, हा आकडाही कायद्यात नाही.

तेव्हा आज रात्रीच पत्र लिहा. खरेदीची तारीख, पावतीची प्रत, ग्रेडिंगच्या लेबलाचा फोटो आणि 'माल वर्णनाप्रमाणे नाही, हमीचा भंग झाला आहे' हे वाक्य. सर्टिफाइड मेलने, पोच मागून. फोनवर बोलत बसू नका, आणि ग्रेडिंगची प्लास्टिकची पेटी फोडू नका.

न्यू जर्सीच्या कन्झ्युमर फ्रॉड ॲक्टखाली, म्हणजे ग्राहकांच्या फसवणुकीविरुद्धच्या कायद्याखाली, तिप्पट भरपाई मिळते असं तुमचे मित्र म्हणतात. मिळेलही, पण ती आत्ताच हिशेबात धरू नका.

दावा लावायला त्याच कोडच्या कलम 2-725 प्रमाणे अंक हातात पडल्यापासून चार वर्षं, म्हणजे जून 2027 पर्यंत. दोष केव्हा कळला याला तिथे सहसा किंमत नाही. मात्र करारात ही मुदत एका वर्षापर्यंत खाली आणता येते, आणि असं कलम बहुधा पावतीच्या मागे बारीक अक्षरांत असतं. तुम्ही फक्त पुढची बाजू स्कॅन केलीत. मागची पाठवा.