मणक्याच्या ऑपरेशननंतर टाके बरे की पिना?

वडिलांच्या कमरेत स्क्रू बसवणार आहेत, इन्फेक्शन टाळायचं तर डॉक्टरांना पिनांऐवजी (कातडी जोडायच्या धातूच्या स्टेपलांऐवजी) टाके घाला असं सांगू का, हा तुमचा प्रश्न. आमच्या घरात याच प्रश्नावरून चार वर्षं धुसफूस चालू आहे, म्हणून लिहिते.

माझ्या आईचं एल-फोर एल-फाइव्हचं, म्हणजे कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचं ऑपरेशन झालं, वरून पिना मारल्या. घरी आणली तेव्हा ड्रेसिंग कोरडं होतं. बाराव्या दिवशी सकाळी परकराच्या नाडीजवळ रुपयाएवढा ओला डाग दिसला. मी फोन उचलला, तर दादा म्हणाला, "जखमेतून लस येतेच थोडी, शनिवारी डॉक्टरांना कशाला त्रास देतेस?" मी ऐकलं. सोमवारी ताप आणि पू. पुन्हा थिएटर, जखम उघडून धुतली. स्क्रू वाचले, पण सहा आठवडे अँटिबायोटिक चालली. तपासणीत स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निघाला, तो बहुतेक वेळा आपल्याच कातडीवरून नाहीतर नाकातून येतो.

दादा आजही म्हणतो, पिनांमुळेच झालं. 2010चा ब्रिटिश मेडिकल जर्नलमधला लेख दाखवतो: हाडांच्या ऑपरेशनांत पिनांनी इन्फेक्शनचा धोका तिपटीहून जास्त. लेख खरा आहे. पण त्यात सगळ्या मिळून 683 जखमा, ठळक फरक खुब्याच्या ऑपरेशनांत, आणि बहुतेक प्रयोगांची पद्धत कच्ची होती, हेही त्यातच लिहिलंय. तेवढं तो वाचत नाही.

आईची तीन महिन्यांची सरासरी शुगर (एचबीए-वन-सी) 9.4 होती. इन्फेक्शन टळावं म्हणून बरेच सर्जन ती साडेसात-आठच्या आत मागतात. डॉक्टरांनी महिनाभर थांबायला सुचवलं होतं, पण दादाची रजा मंजूर झाली होती, म्हणून तारीख बदलली नाही. हे त्याला कुणीतरी सांगायलाच हवं होतं.

तेव्हा कातडीवर काय लावतात यापेक्षा आत काय करतात ते विचारा. स्नायूंवरचं जाड आवरण घट्ट शिवलं, खाली पोकळी राहिली नाही, की निम्मं काम झालं. वरून नायलॉनचे टाके, आत विरघळणारा धागा, पिना, कातडी चिकटवायचा गोंद, ज्यात तुमच्या सर्जनचा हात बसलाय ते करू द्या. अँटिबायोटिक चीर देण्याआधीच्या तासाभरात जातं ना, हे मात्र विचाराच. पाठीवर घरी वस्तरा फिरवू नका, बारीक ओरखड्यांत जंतू बसतात. विडी-सिगरेट निदान चार आठवडे आधी बंद. आणि ड्रेसिंग ओलं दिसलं तर वार बघू नका, फोन करा.

मी डॉक्टर नाही. वडिलांना मधुमेह नसेल तर शुगरचं माझं बोलणं सोडून द्या. आणि हो, गोंद लावणार असतील तर चिकटपट्टीने किंवा गोंदाने त्यांना पूर्वी पुरळ आलंय का, ते आधी सांगा. काहींना तो सोसत नाही, आणि ते लाल कातडं बघून घरचे जखम चिघळली म्हणून घाबरतात.